अस्तराचा आजार आणि आतून दिलेला शेक

(सुवर्ण महोत्सवी वर्षातील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्ण महोत्सवाच्या व्यासपीठावरून सहसा गतकाळाचा गौरव केला जातो, आणि ते उचितही आहे. परंतु जी संस्था पन्नास वर्षे समाजाच्या सुखदुःखाशी निगडित राहिली, तिच्या व्यासपीठावर घराघरांतून दबल्या आवाजात बोलला जाणारा एखादा विषयही मोकळेपणाने मांडला गेला पाहिजे. आजचा विषय तसाच आहे. गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग आणि तो लवकर सापडून शस्त्रक्रिया झाल्यानंतर आतून दिले जाणारे किरणोपचार, हा तो विषय. सभागृहात पुरुष व स्त्रिया एकत्र बसलेल्या असताना असा विषय कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर सरळ आहे. आजार स्त्रीच्या शरीरात असतो. पण दवाखान्यात केव्हा जायचे, कोणत्या गावी जायचे, किती खर्च करायचा आणि डॉक्टरांनी सांगितलेला पुढचा उपचार घ्यायचा की नाही, हे निर्णय आपल्याकडे संपूर्ण घर मिळून घेत असते. म्हणून ही माहिती संपूर्ण घराला असली पाहिजे.

आजार कोठे उद्भवतो?

कापडाच्या व्यवहाराशी संबंध असणाऱ्यांना अस्तर म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. कोट बाहेरून कितीही भारी असला तरी त्याला आतून मऊ अस्तर लावलेले असते. गर्भाशयाची रचनाही काहीशी तशीच असते. बाहेर स्नायूंची जाड भिंत आणि आत एक नाजूक थर. हा थर दरमहा वाढतो आणि पाळीच्या वेळी गळून जातो. पाळी कायमची थांबल्यावर तो पातळ होऊन शांत राहतो. याच अस्तराच्या पेशी जेव्हा बेबंदपणे वाढू लागतात, तेव्हा अस्तराचा कर्करोग होतो. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग हा वेगळा आजार आहे. त्याचे कारण बहुतांशी एक विषाणू असतो आणि त्यावर प्रतिबंधक लसही उपलब्ध आहे. अस्तराच्या कर्करोगाचा त्या विषाणूशी संबंध नाही. दोन्हींना लोक सरसकट ‘पिशवीचा कॅन्सर’ म्हणतात, त्यामुळे गोंधळ होतो आणि एकीच्या आजारावरून दुसरीला सल्ले दिले जातात.

अस्तराची वाढ इस्ट्रोजेन या संप्रेरकामुळे होते आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक त्या वाढीला आवर घालते. पहिले अधिक आणि दुसरे कमी, अशी स्थिती दीर्घकाळ राहिली की धोका वाढतो. शरीरातील चरबीतही इस्ट्रोजेन तयार होत असल्यामुळे लठ्ठपणा हे या आजाराचे सर्वांत मोठे कारण मानले जाते. मधुमेह, उच्च रक्तदाब, पाळी लहान वयात सुरू होऊन उशिरा थांबणे, मूल न होणे, बीजकोशाच्या विकारामुळे पाळी वर्षानुवर्षे अनियमित असणे, ही अन्य कारणे. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांनी याबाबत सावध राहावे. काही कुटुंबांत आतड्याचा व अस्तराचा कर्करोग आनुवंशिक दोषामुळे पिढ्यान् पिढ्या आढळतो. अशा घरांनी तो इतिहास डॉक्टरांना आवर्जून सांगावा. बैठे काम, गोड व तुपकट खाणे आणि चालण्याचा अभाव ही व्यापारी कुटुंबांची जीवनपद्धती लक्षात घेता हा आजार आपल्यापासून दूर आहे, असे समजण्याचे कारण नाही.

एकच खूण, पण स्पष्ट

पुष्कळ कर्करोग मुकाट्याने वाढतात. हा आजार मात्र बहुधा लवकर हाक देतो. पाळी थांबून बारा महिने उलटल्यानंतर अंगावरून रक्त जाणे, ही ती हाक. मग ते रक्त एक थेंब असो, तपकिरी डाग असो वा लालसर पाणी असो. अस्तराचा कर्करोग झालेल्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे नव्वद जणींना ही खूण दिसलेली असते. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पाळी गेल्यावर रक्त दिसलेल्या शंभर स्त्रियांची तपासणी केली, तर त्यांपैकी सुमारे नऊ जणींनाच कर्करोग निघतो. उरलेल्या एक्याण्णव जणींना कोरडेपणा, साधा मस्सा किंवा अस्तराची निरुपद्रवी वाढ असते. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, आणि घरी बसण्याचेही नाही.

प्रत्यक्षात काय घडते? सासूबाई सुनेला सांगत नाहीत, आई मुलाला सांगत नाही. ‘उष्णता झाली असेल’, ‘पाळी परत आली असेल’ असे म्हणून धण्याचे पाणी सुरू होते. घरात लग्न असते, चातुर्मास असतो, दिवाळीचा हंगाम असतो. असे करता करता सहा महिने जातात. पहिल्या अवस्थेत सापडलेल्या या आजारात दहापैकी सुमारे नऊ स्त्रिया पाच वर्षांनंतरही सुखरूप असतात. मौनात गेलेले सहा महिने ही संधी हिरावून घेऊ शकतात. पाळी गेल्यानंतर ती ‘परत’ येत नसते, एवढे एक वाक्य प्रत्येक घरात पोहोचले, तरी या व्याख्यानाचे सार्थक होईल.

तपासणी अवघड नाही. प्रथम योनिमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. रक्त गेलेल्या स्त्रीच्या अस्तराची जाडी चार मिलिमीटरपेक्षा अधिक भरली, अथवा रक्त पुनःपुन्हा जात राहिले, तर अस्तराचा बारीक तुकडा काढून तपासणीला पाठवतात. निदान त्या तुकड्यावरून होते. केवळ सोनोग्राफीवरून नव्हे.

शस्त्रक्रिया आणि तिचा अहवाल

निदान झाल्यावर मुख्य उपचार म्हणजे शस्त्रक्रिया. गर्भाशय, त्याचे मुख, दोन्ही बीजवाहिन्या आणि दोन्ही बीजकोश काढले जातात. गरजेप्रमाणे ओटीपोटातील काही लसिकाग्रंथीही तपासणीसाठी काढतात. अलीकडे हे काम पुष्कळ ठिकाणी दुर्बिणीतून होते. काढलेला भाग पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि आठ-दहा दिवसांनी अहवाल येतो. पुढचा सारा मार्ग हा कागद ठरवतो.

त्या अहवालात दोन-तीन गोष्टी पाहावयाच्या असतात. पहिली, आजार भिंतीत किती खोल गेला. भिंतीच्या अर्ध्या जाडीपेक्षा कमी असेल तर पहिल्या अवस्थेचा ‘अ’ टप्पा, अर्धी वा अधिक जाडी व्यापली असेल तर ‘ब’ टप्पा. दुसरी, पेशींची प्रत. ती एक, दोन, तीन अशी मोजतात. तिसरी प्रत सर्वांत आक्रमक. तिसरी, बारीक रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्यांत पेशी शिरल्या आहेत का. याशिवाय आता पेशींच्या जनुकीय तपासण्याही होतात आणि २०२३ साली जागतिक स्त्रीरोगतज्ज्ञ संघटनेने अवस्थांच्या वर्गीकरणात त्यांना स्थान दिले आहे.

येथे एक सूचना अत्यावश्यक आहे. कोणत्याही कारणाने पिशवी काढली, मग ती गाठीसाठी असो वा अतिरक्तस्रावासाठी, तरी काढलेला भाग तपासणीला पाठवलाच पाहिजे. ‘साधी गाठ होती, टाकून दिली’ हे उत्तर स्वीकारू नये. आपण दोन रुपयांच्या मालाचीही पावती जपतो. मग शरीराच्या या पावतीची हेळसांड का करावी? अहवाल, काचपट्ट्या आणि मेणाचे ठोकळे यांची मागणी करण्याचा रुग्णाला अधिकार आहे, आणि मोठ्या रुग्णालयात गेल्यावर पहिली विचारणा त्यांचीच होते.

सगळे काढले, मग शेक कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. शस्त्रक्रिया यशस्वी झाली, टाके सुकले, घरात समाधान पसरले आणि डॉक्टर म्हणतात, ‘आता किरणोपचार घ्यावे लागतील.’ घरात वादाला येथेच तोंड फुटते. सर्व काही काढून टाकले, तर आता लाईट कोणाला द्यायची? हा प्रश्न अडाणीपणाचा नव्हे. जगातील तज्ज्ञांनीही तो विचारला आणि त्याचे उत्तर शोधण्यासाठी रीतसर अभ्यास केला.

नेदरलँड्स देशातील १९ केंद्रांनी १९९० ते १९९७ या काळात सातशेहून अधिक स्त्रियांची नोंद केली. सर्वांना पहिल्या अवस्थेतील मध्यम धोक्याचा आजार होता आणि सर्वांची शस्त्रक्रिया झाली होती. चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे त्यांचे दोन गट केले. एका गटाला ओटीपोटावर बाहेरून शेक दिला, दुसऱ्या गटाला केवळ देखरेखीखाली ठेवले. २००० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाच वर्षांत त्या परिसरात आजार परत येण्याचे प्रमाण शेक न घेतलेल्यांत शंभरात १४ होते आणि शेक घेतलेल्यांत शंभरात ४. परत आलेल्या आजारांपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकाच जागी, योनिमार्गाच्या वरच्या टोकाशी आले होते. गर्भाशय काढल्यावर जेथे टाके घालून मार्ग बंद केलेला असतो, तेच ते टोक.

याच अभ्यासाने दुसरे सत्यही सांगितले आणि ते लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. शेक घेतल्यामुळे आयुष्यमान वाढल्याचे दिसले नाही. पाच वर्षांनंतर हयात असणाऱ्या स्त्रिया शेक घेतलेल्या गटात शंभरात ८१ आणि न घेतलेल्या गटात ८५ होत्या. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर महत्त्वाचा नव्हता. कारण टोकाशी परतलेला आजार पुष्कळदा नंतरच्या उपचारांनी आटोक्यात आणता येतो. मात्र तो नंतरचा उपचार अधिक मोठा, अधिक त्रासाचा आणि अधिक चिंतेचा असतो. म्हणजे येथे सौदा जीवन-मरणाचा नसून पुनरागमनाचा धोका टाळण्याचा आहे. विम्याचा हप्ता भरताना व्यापारी जो हिशेब करतो, तोच येथे करावयाचा: धोका किती, हप्ता किती आणि हप्ता झेपणारा आहे का?

हप्ता कमी करणारा शोध

बाहेरून दिलेल्या शेकाचा हप्ता मोठा होता. ओटीपोटातील आतडी व मूत्राशय किरणांच्या वाटेत येत असल्याने जुलाब, पोटात मुरडा, वारंवार लघवी असे त्रास पुष्कळ स्त्रियांना होत. तेव्हा त्याच डच तज्ज्ञांनी पुढचा प्रश्न विचारला. आजार बहुतांशी एकाच टोकाशी परत येत असेल, तर सगळ्या ओटीपोटाला शेक कशासाठी? केवळ त्या टोकालाच, आतून, जवळून शेक दिला तर? २००२ ते २००६ या काळात ४२७ स्त्रियांवर दुसरा अभ्यास झाला आणि २०१० साली तोही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. बाहेरचा शेक ४६ ग्रे, २३ बैठकांत. आतला शेक बहुतेकींना २१ ग्रे, अवघ्या तीन बैठकांत. ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे माप होय.

पाच वर्षांनंतर योनिमार्गात आजार परत येण्याचे प्रमाण बाहेरच्या शेकानंतर शंभरात १.६ आणि आतल्या शेकानंतर १.८, म्हणजे व्यवहारात सारखेच आढळले. हयात असणाऱ्यांच्या प्रमाणातही महत्त्वाचा फरक नव्हता. परंतु उपचार संपताना पोटाचे सौम्य ते मध्यम त्रास बाहेरच्या शेकात शंभरात सुमारे ५४ जणींना झाले, तर आतल्या शेकात सुमारे १३ जणींना. लाभ तोच आणि त्रास चौथाई. तेव्हापासून या विशिष्ट धोक्याच्या स्त्रियांसाठी आतला शेक हाच प्रथम विचारात घेतला जाणारा उपचार ठरला.

मेहकर, लोणार किंवा जळगाव जामोदच्या घराच्या दृष्टीने या आकड्यांचा अर्थ आणखी स्पष्ट आहे. २३ बैठका म्हणजे सुटीचे दिवस धरून जवळजवळ पाच आठवडे परगावी खोली घेऊन राहणे, एका सोबत्याचे दुकान किंवा शेतीचे काम बंद ठेवणे. तीन बैठका म्हणजे साधारण आठवड्याच्या अंतराने तीन फेऱ्या. म्हणूनच ‘किरणोपचार’ हा शब्द ऐकताच नकार देण्यापूर्वी ‘बाहेरचा की आतला?’ हे विचारून घ्यावे.

किरणांचे कार्य

या पद्धतीला ब्रॅकीथेरपी म्हणतात. ग्रीक भाषेत ‘ब्रॅकी’ म्हणजे कमी अंतराचे. दिव्यापासून दुप्पट दूर गेल्यास उजेड चौथाई होतो, तिप्पट दूर गेल्यास नववा हिस्सा उरतो. किरणांचा नियमही तोच. त्यामुळे किरणांचा स्रोत आजाराच्या जागेलगत ठेवला की तेथे पुरेपूर मात्रा मिळते आणि काही सेंटिमीटरवरच्या आतड्यांपर्यंत फारच थोडी पोहोचते.

१८९८ साली मादाम क्युरी व पिएर क्युरी यांनी रेडियमचा शोध लावला आणि अवघ्या तीन वर्षांत, १९०१ मध्ये, पॅरिसच्या डॉ. दानलो यांनी त्याचा रुग्णावर उपयोग केला. त्या काळी रेडियमच्या नळ्या डॉक्टर हाताने बसवत आणि रुग्णाला कित्येक तास, कधी दिवस, तसेच पडून राहावे लागे. डॉक्टर व परिचारिका यांच्या अंगावरही किरण पडत. पुढे आधी रिकामी नळी बसवायची आणि नंतर स्रोत आत सोडायचा, अशी युक्ती निघाली. आता ते काम यंत्र करते आणि त्या वेळी खोलीत रुग्णाखेरीज कोणी नसते.

आजच्या यंत्रात बहुधा इरिडियम-१९२ या धातूचा स्रोत असतो. जाडीला एक मिलिमीटरहून कमी आणि लांबीला काही मिलिमीटर, असा तो तारेच्या टोकाला जोडलेला असतो. त्याची शक्ती दर ७४ दिवसांनी निम्मी होते. घटत्या शिल्लक पद्धतीने घसारा काढणाऱ्यांना हे गणित सहज समजेल: आज १० क्युरी असलेला स्रोत ७४ दिवसांनी ५ आणि १४८ दिवसांनी अडीच क्युरी. म्हणून तीन-चार महिन्यांनी तो बदलतात. एकीला सहा मिनिटे लागली आणि दुसरीला बारा, तर दुसरीला दुप्पट शेक दिला असे समजू नये; स्रोत जुना असल्याने तीच मात्रा पुरी होण्यास अधिक वेळ लागला, एवढाच त्याचा अर्थ. काही केंद्रांत कोबाल्ट-६० वापरतात. त्याची शक्ती निम्मी होण्यास पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. या सर्व केंद्रांवर केंद्र सरकारच्या अणुऊर्जा नियामक मंडळाची देखरेख असते.

महाराष्ट्रात या विद्येचा पाया घालण्यात एका विश्वस्त निधीचा वाटा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्यावर परदेशात झाले तसे उपचार या देशातही मिळावेत, अशी सर दोराबजी टाटा यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी त्यांचेही निधन झाले. परंतु त्यांच्या नावाच्या ट्रस्टने तो संकल्प तडीस नेला आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे सोपवण्यात आले. एका घराच्या दुःखातून उभ्या राहिलेल्या त्या वास्तूत आज देशभरातील रुग्ण येतात. विश्वस्त संस्थेने पैसा कोठे लावावा, याचा यापेक्षा बोलका दाखला कोणता असेल?

त्या तीन दिवसांत काय होते?

शस्त्रक्रियेनंतर साधारण चार ते आठ आठवड्यांनी, टाके पूर्ण भरल्याची खात्री करून उपचार सुरू करतात. विनाकारण लांबणीवर टाकू नये. प्रथम तपासणी करून योग्य जाडीची गुळगुळीत नळकांडी निवडतात. ती दोन ते साडेतीन सेंटिमीटर व्यासाची असते. ती योनिमार्गात बसवून स्कॅन किंवा एक्स-रे काढतात आणि संगणकावर मात्रेचा आराखडा तयार करतात. मग यंत्राची तार नळकांडीला जोडली जाते, सर्वजण बाहेर येतात आणि यंत्र स्रोत आत पाठवते. पाच-दहा मिनिटांत काम संपते; स्रोत यंत्रात परत जातो व नळकांडी काढून घेतात. या उपचाराला सहसा भूल लागत नाही, कापाकापी नाही. दाब जाणवतो, पण भाजल्याची वेदना होत नाही. बाहेरून कॅमेऱ्यातून सतत लक्ष असते आणि बोलताही येते. बहुतेक स्त्रिया त्याच दिवशी घरी परततात.

सर्वांत मोठी भीती वेगळीच असते. ‘अंगात किरण राहतील, नातवंडांना जवळ घेऊ नका’ असे सांगणारे शेजारी प्रत्येक गावात असतात. हे पूर्णतः चूक आहे. स्रोत यंत्रात परत गेल्यावर त्या स्त्रीच्या शरीरात काहीही शिल्लक राहत नाही. तिने स्वयंपाक करावा, देवदर्शनास जावे, नातवाला मांडीवर घ्यावे. तिचे ताट वेगळे करणे, अंथरूण वेगळे करणे हा अज्ञानातून झालेला अन्याय होय. कर्करोग संसर्गजन्य नाही, आणि हा उपचारही नाही.

आहाराविषयीही दोन शब्द आवश्यक आहेत. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्या भगिनींना या उपचारात कोणतीही अडचण नाही. उपवासाचे मात्र तसे नाही. शस्त्रक्रियेनंतर जखम भरण्यास प्रथिने लागतात. डाळी, दूध, दही, पनीर यांतून ती मिळतात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना लांब उपवास केल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. म्हणून तपश्चर्येचा संकल्प डॉक्टरांपासून लपवू नये, त्यांना विचारूनच करावा.

नंतरची काळजी

काही दिवस थकवा, लघवीला किंचित जळजळ, थोडा स्राव हे त्रास संभवतात आणि बहुधा आपोआप शमतात. दीर्घकालीन परिणाम मुख्यतः एकच: योनिमार्ग कोरडा होणे, आखडणे व अरुंद होणे. यासाठी डॉक्टर एक गुळगुळीत साधन देतात आणि ते आठवड्यातून काही वेळा कसे वापरावे हे परिचारिका समजावून सांगते. संकोचामुळे पुष्कळ स्त्रिया ते कपाटात ठेवून देतात. त्याचा उद्देश केवळ दांपत्यजीवनापुरता नाही. पुढील प्रत्येक तपासणीत डॉक्टरांना त्या टोकाची जागा नीट पाहता यावी, यासाठीही मार्ग मोकळा राहणे आवश्यक असते. पतीने या बाबतीत समजूतदारपणा व धीर दाखवावा, हे सभेत सांगण्यास संकोच वाटत असला तरी सांगणे कर्तव्य आहे.

पहिली दोन-तीन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी आणि नंतर पाच वर्षांपर्यंत सहा ते बारा महिन्यांनी तपासणीस जावे. मधल्या काळात पुन्हा रक्त दिसले, पोटात सतत दुखू लागले, किंवा पायावर सूज आली, तर तारखेची वाट पाहू नये. वजन, साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे हाही उपचाराचाच भाग आहे.

सर्वांना एकच माप नाही

हा उपचार प्रत्येकीला लागत नाही. आजार उथळ असेल, पेशी पहिल्या प्रतीच्या असतील आणि वाहिन्यांत शिरल्या नसतील, तर बहुधा शस्त्रक्रिया व देखरेख पुरेशी होते. उलट आजार लसिकाग्रंथींपर्यंत गेला असेल किंवा पेशी अतिशय आक्रमक असतील, तर केवळ आतला शेक पुरत नाही. बाहेरचा शेक व केमोथेरपीचाही विचार करावा लागतो. म्हणून शेजारणीला जे दिले तेच आपल्याला का नाही, असा आग्रह धरू नये. डॉक्टरांना पाच प्रश्न मात्र अवश्य विचारावेत. टप्पा कोणता? पेशींची प्रत कोणती? शेक न घेतल्यास आजार परत येण्याचा धोका किती? शेक बाहेरचा की आतला, आणि बैठका किती? दूरगामी त्रास कोणते? या प्रश्नांची उत्तरे ऐकताना रुग्ण स्त्री स्वतः खोलीत असावी. तिला बाहेर बाकावर बसवून मुलाने व दिराने आत निर्णय घेणे योग्य नव्हे. शरीर तिचे आहे, आणि होकार किंवा नकारही तिचाच असला पाहिजे.

जिल्ह्यातून मार्ग

बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा व सिंदखेड राजा या भागांतील रुग्णांना छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय, तर खामगाव, शेगाव या पट्ट्यातील लोकांना अकोला व नागपूर हे मार्ग सोयीचे पडतात. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आणि जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. मुंबईला टाटा रुग्णालयात जाण्यासाठी मलकापूर, नांदुरा व शेगाव येथून थेट रेल्वे आहे, आणि उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णांना रेल्वेभाड्यात सवलत मिळते. निघण्यापूर्वी त्या केंद्रात आतल्या शेकाचे यंत्र चालू आहे का आणि स्रोत उपलब्ध आहे का, याची दूरध्वनीवरून चौकशी करावी, म्हणजे फेरी वाया जात नाही. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना व आयुष्मान भारत योजना यांत कर्करोगाचे उपचार समाविष्ट आहेत. शिधापत्रिका, आधार कार्ड आणि मूळ अहवाल बरोबर ठेवावेत व रुग्णालयातील आरोग्यमित्रास प्रथम भेटावे.

संस्थेलाही यात करण्यासारखे पुष्कळ आहे. महिला मंडळाच्या एका बैठकीत स्त्रीरोगतज्ज्ञांचे मोकळे मार्गदर्शन, परगावी जाणाऱ्या रुग्णासोबत एक जाणती व्यक्ती, निवासाची सोय आणि कागदपत्रांची एक नीट लावलेली फाईल. यांतील कोणत्याही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. पाळी गेल्यावर दिसलेला रक्ताचा डाग ज्या दिवशी एखादी आजी आपल्या सुनेला निःसंकोच सांगेल आणि सून दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेईल, त्या दिवशी या सभेचे काम झाले असे समजावे. बाकीचे काम करण्यास वैद्यकशास्त्र आज पुष्कळ अंशी समर्थ आहे.